इंग्रजांनी जपलेलं जहाज आणि इंग्रजांनीच फोडलेलं जहाज

‘विक्रांत’ किंवा ‘विराट’चा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं. “इंग्रजांकडून शिका जरा. नेल्सनचं जहाज अडीचशे वर्षं जपून ठेवलंय त्यांनी.”

वाक्य खरं आहे. ‘व्हिक्टरी’ १७६५ मध्ये पाण्यात उतरली आणि आजही पोर्ट्समथच्या कोरड्या गोदीत उभी आहे. तिकीट काढून बघता येते. पण ट्रफाल्गारच्या लढाईतलं दुसरंही एक जहाज त्याच पोर्ट्समथ बंदरात १९४९ पर्यंत तरंगत होतं. लढाईत ते नेल्सनच्या विरुद्ध बाजूला होतं, एवढाच फरक. ते इंग्रजांनी बाहेर समुद्रात ओढून नेलं, त्याच्या तळाशी स्फोटकं ठेवली आणि फोडून टाकलं.

आज त्या जहाजाची गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे, तो पुढं येईल.

जहाजाचं मूळ नाव ‘द्युगे-त्रुॲं’. जीभ अडखळते, पण दोन-चारदा म्हटलं की जमतं. हे एका माणसाचं नाव. रने द्युगे-त्रुॲं हा फ्रान्सच्या सेंट-मालो बंदरातला दर्यावर्दी. राजाचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटायची, हा त्याचा सुरुवातीचा धंदा. पुढं तो नौदलात मोठा अधिकारी झाला. १७११ मध्ये त्यानं ब्राझीलमधलं रिओ दि जानेरो पोर्तुगिजांकडून जिंकलं आणि जबर खंडणी घेऊनच परत दिलं. आपले कान्होजी आंग्रे अगदी याच काळातले. त्यांना इंग्रजांनी ‘पायरेट’ म्हणून दप्तरात नोंदवलं. द्युगे-त्रुॲंच्या नावानं मात्र फ्रान्सनं एकामागून एक युद्धनौका बांधल्या. इतिहास कोणाच्या दप्तरात लिहिला जातो यावर बरंच काही ठरतं, असो.

आपलं जहाज रोशफोरच्या गोदीत बांधलं गेलं आणि २४ मार्च १८०० रोजी पाण्यात उतरलं. तोफा ७४. त्या काळात मोठी आरमारं एकमेकांसमोर लांबच लांब रांग धरून लढायची, आणि त्या रांगेत उभं राहण्याइतकं दणकट असलेलं हे जहाज. तोफांचे दोन पूर्ण मजले, तीन डोलकाठ्या, सातशेच्या आसपास माणसं. याहून मोठी, शंभर-सव्वाशे तोफांची जहाजंही असत, पण ती वळायला जड आणि खर्चाला भारी. चौऱ्याहत्तर तोफांचं जहाज वेगही धरायचं आणि मारही खायचं. फ्रेंचांना हा मध्यम मेळ फार छान साधला होता.

याचं श्रेय झाक-नोएल साने या अभियंत्याला. सानेनं चौऱ्याहत्तर तोफांच्या जहाजाचा एक नमुना पक्का केला आणि तोच सगळ्या गोद्यांना दिला. तोपर्यंत प्रत्येक गोदीचा मिस्त्री आपापल्या हिशेबानं जहाज काढायचा. सानेच्या या एका नमुन्यावर शंभराहून जास्त जहाजं बांधली गेली. इंग्रजांना ती इतकी आवडायची, की पकडलेलं फ्रेंच जहाज ते कोरड्या गोदीत घेऊन त्याची मापं उतरवायचे आणि तसंच दुसरं बांधायचे. साने हे नाव लक्षात ठेवा.

जहाज उत्तम होतं, मग फ्रेंच हरत का होते? कारण माणसं. क्रांतीच्या धामधुमीत फ्रेंच नौदलातले बहुतेक जुने अधिकारी गेले. ते सरदार घराण्यांतले, म्हणून कोणी पळाले, कोणी गिलोटिनखाली गेले. पायदळाचा अधिकारी चार वर्षांत घडू शकतो, जहाजाचा कप्तान नाही. त्यात इंग्रजांनी फ्रेंच बंदरांबाहेर वर्षानुवर्षं पहारा दिला. बंदरात अडकलेला खलाशी शिकणार काय? शिडं कशी आवरायची, लाटेवर डोलणाऱ्या जहाजावरून तोफेला बत्ती नेमकी कधी द्यायची, हे खुल्या समुद्रातच कळतं. पहारा देणारा इंग्रज खलाशी रोज समुद्रात होता. फ्रेंच खलाशी धक्क्याला बांधलेल्या जहाजावर बसून होता.

‘द्युगे-त्रुॲं’ची पहिली मोठी कामगिरी काही अभिमान बाळगावा अशी नाही. कॅरिबियन समुद्रातली सां-दोमिंग ही फ्रेंचांची साखरेची वसाहत, म्हणजे आजचं हैती. तिथल्या गुलामांनी उठाव करून स्वातंत्र्य मिळवलं होतं आणि तुसां लुव्हेर्त्यूर हा त्यांचा नेता बेटाचा कारभार बघत होता. नेपोलियननं आपला मेहुणा लक्लेर्क याला मोठं सैन्य देऊन तिकडं धाडलं. या मोहिमेत आपलं जहाज होतं. सैन्य पीतज्वरानं किड्यामुंग्यांसारखं मेलं, लक्लेर्कही गेला. जुलै १८०३ मध्ये इंग्रजांनी काप-फ्रान्से बंदराची नाकेबंदी केली असताना हे जहाज रात्रीच्या अंधारात निसटलं. सोबतचं ‘द्युकेन’ सापडलं, हे मात्र थेट स्पेनपर्यंत पोचलं. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाला.

मग २१ ऑक्टोबर १८०५. ट्रफाल्गार.

फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३ मोठी जहाजं, इंग्रजांची २७. नेल्सननं समोर रांग धरलीच नाही. दोन ओळी करून त्यानं शत्रूच्या रांगेला काटकोनात धडक दिली, तीही मध्यावर आणि शेपटावर. त्यामुळं रांगेच्या तोंडाशी असलेली बिनीची तुकडी लढाईबाहेरच राहिली. ‘द्युगे-त्रुॲं’ याच तुकडीत होतं आणि तुकडीचा प्रमुख होता रिअर ॲडमिरल द्युमानवार. मागं धुराचे लोट उठताहेत, सरसेनापती व्हिल्नव्ह ‘मागं वळा’ म्हणून निशाणं चढवतोय, आणि ही जहाजं पुढं पुढंच चाललीत. वारा पडलेला होता, हे खरं. काहींना होड्या उतरवून जहाज ओढत वळवावं लागलं. पण ती वळायला निघालीच उशिरा. पोचली तोवर निकाल लागला होता. द्युमानवारनं जाता जाता गोळे टाकले आणि चार जहाजं घेऊन निघून गेला. त्याच तुकडीतलं ‘नेप्तुनो’ नावाचं एक स्पॅनिश जहाज मात्र वळून लढाईत घुसलं आणि पकडलं गेलं.

द्युमानवार भ्याला की त्याचा नाइलाज होता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. पुढं फ्रान्समध्ये त्याच्यावर लष्करी खटला झाला, तो निर्दोष सुटला. माझं मत विचाराल तर वाऱ्याची अडचण खरी होती, पण ‘नेप्तुनो’लाही तोच वारा होता.

पळालेली चार जहाजं दोनच आठवडे टिकली. ४ नोव्हेंबरला स्पेनच्या वायव्य टोकाशी, ऑर्तेगाल भूशिराजवळ सर रिचर्ड स्ट्रॅकन या इंग्रज कप्तानानं त्यांना गाठलं. गंमत अशी, की तो दुसऱ्याच फ्रेंच तुकडीच्या मागावर होता, ही मधेच सापडली. या वेळी ‘द्युगे-त्रुॲं’ लढलं, आणि चांगलं लढलं. कप्तान तुफे मारला गेला. चारही जहाजं इंग्रजांच्या हाती पडली. ट्रफाल्गारला खुद्द नेल्सनच्या आरमारानं पकडलेली बहुतेक जहाजं लढाईनंतरच्या वादळात बुडाली किंवा सोडून द्यावी लागली. स्ट्रॅकननं धरलेली चारही मात्र सुखरूप इंग्लंडला पोचली.

तिथं ‘द्युगे-त्रुॲं’चं नाव बदललं. नवं नाव ‘इंप्लॅकेबल’, म्हणजे ज्याचा राग शमत नाही असं. फ्रेंच नौदलातली पाच वर्षं संपली आणि इंग्रजांकडची १४४ वर्षं सुरू झाली.

इंग्रजांच्या हाताखाली तेच जहाज, त्याच डोलकाठ्या, आणि रंग बघा. ऑगस्ट १८०८ मध्ये बाल्टिक समुद्रात स्वीडनच्या मदतीला गेलेलं ‘इंप्लॅकेबल’ रशियन आरमाराचा पाठलाग करताना बाकीच्यांच्या पुढं निघालं. मागं पडलेल्या ‘व्सेवोलोद’ या रशियन जहाजाला त्यानं एकट्यानं गाठलं आणि अर्ध्या तासाच्या आत त्याच्या तोफा बंद पाडल्या. रशियन आरमार मदतीला उलटं फिरलं म्हणून ‘व्सेवोलोद’ तेवढ्यापुरतं वाचलं. पुढं ते गाळात रुतलं आणि जाळलं गेलं. पहारा देऊन देऊन तयार झालेले खलाशी आणि सानेचं जहाज एकत्र आलं की काय होतं, ते इथं दिसतं. पुढं १८४० मध्ये सीरियाच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेतही ते होतं. नंतर वाफेची जहाजं आली आणि १८५५ पासून ते डेव्हनपोर्टला पोरांना खलाशीकाम शिकवणारं तरंगतं विद्यालय झालं. अशी पन्नासहून जास्त वर्षं गेली.

१९०८ च्या सुमारास ते भंगारात काढायचं घाटलं होतं. राजे सातवे एडवर्ड मध्ये पडले म्हणून वाचलं. १९१२ मध्ये ते जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या धनिकाकडं सोपवलं गेलं. हा माणूस म्हणजे जुन्या जहाजांचा वेडा. नेल्सनचं ‘फूद्रॉयां’ हे जहाज नौदलानं विकून टाकलं तेव्हा यानं ते पदरच्या पैशानं सोडवलं, डागडुजी केली आणि गावोगावच्या बंदरांत लोकांना दाखवायला नेलं. १८९७ च्या जूनमध्ये ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळानं ते फोडलं. गडी हरला नाही. त्यानं नौदलाकडून दुसरं एक जुनं जहाज विकत घेतलं आणि त्याला त्याच ‘फूद्रॉयां’चं नाव दिलं.

या दुसऱ्या जहाजाचं खरं नाव ‘त्रिंकोमाली’. आणि ते मुंबईचं.

बॉम्बे डॉकयार्ड म्हणजे आजची आपली नौदल गोदी. तिथं जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली, मलबारच्या सागापासून बांधलेली ही फ्रिगेट १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. पेशवाई संपायला काही महिने उरले होते. वाडियांच्या गोदीतून ब्रिटिश नौदलासाठी आणखीही मोठी जहाजं गेली. ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनचा नानकिंगचा तह झाला. चौऱ्याहत्तर तोफांचं ‘वेलस्ली’ थेम्स नदीत प्रशिक्षण जहाज म्हणून उभं होतं, ते १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बॉम्बनं बुडालं. सव्वाशे वर्षांचं मुंबईचं जहाज, आणि त्याला बुडवायला हिटलरची विमानं यावी लागली!

‘त्रिंकोमाली’च्या नकाशांची कथाही ऐकण्यासारखी आहे. ते नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ नष्ट केलं, तेव्हा नवे नकाशे पाठवावे लागले. आणि हे नकाशे मुळात कोणत्या जहाजावरून उतरवलेले? १७८२ मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या ‘एबे’ या फ्रेंच फ्रिगेटवरून. ‘एबे’चा आराखडा काढणारा कोण? झाक-नोएल साने.

म्हणजे इंग्लंडच्या फालमथ बंदरात शेजारी शेजारी नांगरलेली ही दोन जहाजं, एक रोशफोरच्या ओकचं आणि दुसरं मुंबईत घडवलेल्या सागाचं, एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली होती. १९३२ मध्ये दोन्ही पोर्ट्समथला आली. दोन्हींवर पोरं झोपाळ्यांत झोपायची, होड्या वल्हवायला शिकायची. दुसऱ्या महायुद्धात नौदलानं दोन्ही पुन्हा कामाला लावली.

युद्ध संपलं तेव्हा ‘इंप्लॅकेबल’चं ओक पार सडलेलं होतं. दुरुस्तीचा अंदाज निघाला तो एक लाख पौंडांच्या बराच पुढं. इथं इंग्रजांची बाजूही नीट मांडायला हवी. देश कर्जात बुडालेला. अन्नधान्याचं रेशनिंग १९५४ पर्यंत चालू होतं. बॉम्बनं पडलेली घरं उभी करायला लाकूड नव्हतं, सुतार नव्हते. अशा वेळी दीडशे वर्षांच्या शत्रूच्या जहाजावर लाखभर पौंड घालतो म्हणणाऱ्या मंत्र्याला लोकांनी काय विचारलं असतं? त्यांनी ते जहाज फ्रान्सला देऊ केलं. फ्रान्सही युद्धातून खिळखिळा होऊन निघालेला, तो नको म्हणाला. म्हणजे दोन श्रीमंत साम्राज्यं, आणि दोघांकडं एका जहाजाला पैसे नाहीत.

२ डिसेंबर १९४९ ला ‘इंप्लॅकेबल’ आइल ऑफ वाइटच्या पलीकडं ओढून नेलं. त्यावर ब्रिटिश आणि फ्रेंच असे दोन्ही झेंडे शेजारी शेजारी लावले होते. स्फोट झाला. तळ फुटला, वजनासाठी भरलेलं लोखंड समुद्रात गेलं, पण वरचं लाकडी धूड बुडेना. स्फोटकांना दाद न देता ते कित्येक तास तसंच पाण्यावर लोळत राहिलं. या दिवसाचं चित्रीकरण झालं होतं, ते मी पाहिलंय. फार लांबीचं नाही, पण बघवत नाही.

याच्यावरून इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो गदारोळ चार दिवसांत विरला नाही. ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाचे संचालक फ्रँक कार यांनी ‘कटी सार्क’ या चहाच्या जहाजाला वाचवायचा चंग बांधला. राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांना सोबत घेऊन निधी उभा केला, आणि १९५७ मध्ये ते जहाज ग्रीनिचला लोकांसाठी खुलं झालं. १९७९ मध्ये जुनी जहाजं वाचवण्यासाठी वर्ल्ड शिप ट्रस्ट ही संस्था निघाली, तेव्हा तिचं ब्रीद काय ठेवलं, तर ‘इंप्लॅकेबल, पुन्हा कधीच नाही’. एका बुडवलेल्या जहाजाचं नाव त्यांनी लाज म्हणून जपलं. जहाजाच्या पिछाडीचं कोरीव काम आज ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे आणि नांगर ओढायचं चक्र परत रोशफोरला गेलं आहे.

आता आपल्याकडं या. १९७१ मध्ये चितगाव आणि कॉक्स बाजारवर विमानं धाडणारी ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं, आपल्यातले कितीतरी जण शाळेच्या सहलीतून जाऊन आले असतील. पैसे नाहीत, गुंतवणूकदार नाही, जहाज धोकादायक झालंय, असं होत होत २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना ती भंगारात गेली आणि दारूखान्यात तुटली. कारणं खोटी नव्हती. १९४९ मधली इंग्रजांची कारणंसुद्धा खोटी नव्हती. पण आपल्याकडं ‘पुन्हा कधीच नाही’ म्हणायला सहा वर्षं मिळाली होती. ‘विराट’ २०१७ मध्ये निवृत्त झाली. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मंजुरीही दिली. बातम्या आल्या, फोटो आले, मालवण-वेंगुर्ल्यात हॉटेलवाल्यांनी मनात हिशेबही मांडले असतील. २०२० च्या सप्टेंबरात ‘विराट’ अलंगच्या किनाऱ्यावर चढली. किंमत आली साडेअडतीस कोटी.

सगळं दोष सरकारला देऊन मोकळं होता येईल, पण ‘विक्रांत’ तुटल्यावर आपल्यातल्या किती जणांनी वर्गणी काढली, संस्था काढली, आमदाराच्या दारात जाऊन बसलो? ‘त्रिंकोमाली’ १९८६ पर्यंत पोरांना शिकवत होती. मग तिला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला नेलं. हे काही लंडन नव्हे. गोद्या बंद पडलेलं, बेकारीनं गांजलेलं गाव. तिथल्या कारागिरांनी दहा वर्षांहून जास्त काळ खपून तिला पुन्हा उभं केलं. खर्च एक कोटी पौंडांच्या घरात गेला. तिचं जुनं नाव परत दिलं. आज ती ब्रिटनची पाण्यावर तरंगणारी सर्वात जुनी युद्धनौका आहे, आणि तिच्यातला बराच साग जमशेटजींच्या सुतारांनी बसवलेला तोच आहे.

ती जिथं बांधली गेली, त्या गोदीच्या लायन गेटसमोर ‘विक्रांत’च्या पत्र्यातून केलेलं एक छोटं स्मारक आहे. फोर्टात गेलात तर बघून या. आणि कोणाचे नातेवाईक इंग्लंडात असतील तर त्यांना हार्टलपूलला जायला सांगा. ‘त्रिंकोमाली’च्या नाळेवर आपल्याकडचा फेटेवाला, मिशाळ माणूस छाती काढून उभा आहे.